७ बाय १४च्या लेथला सीएनसी लावावं का?

फाउंटन पेन बनवताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: टोपणाच्या आतले आटे पाडण्यात. बॅरल दिसायला मोठं काम, पण ते सरळ टर्निंग. निब आणि तिची जीभ तर तयारच मिळते. मात्र टोपणाच्या आत, अंधारात, १३ मिमीच्या भोकात आटे पाडायचे आणि तेही तीन, हा प्रकार अंगाला घाम आणतो. लेथला सीएनसी किट लावायचा, म्हणजे टूल हाताऐवजी संगणकाच्या हुकमाने मोटरने हलवायचा विचार तिथूनच सुरू झाला.

लेथ माझा छोटा आहे. स्विंग, म्हणजे त्यावर फिरू शकणाऱ्या जॉबचा (कापायच्या तुकड्याचा) व्यास, ७ इंच, दोन सेंटरमधलं अंतर १४ इंच, म्हणून सगळे त्याला ७ बाय १४ म्हणतात. वजन चाळीस किलोच्या आसपास, सिंगल फेजवर चालतो, स्पिंडलचं भोक २० मिमी. कोथरूडच्या घरी मागच्या खोलीत, जिथे पूर्वी गहू-तांदळाचे डबे होते, तिथे तो बसवलाय. टूलरूमच्या नोकरीत मी एचएमटीच्या एनएच-२२ या मोठ्या लेथवर काम केलेलं. त्यामुळे हा पहिल्यांदा टेबलावर ठेवला तेव्हा याच्याकडून काय होणार असंच वाटलं होतं. पण पेनासाठी तो पुरतो. इबोनाइट आणि अ‍ॅक्रिलिक कापायला टनभर ओतीव लोखंड लागत नाही.

आता आट्यांचं. टोपणाला साधा ०.८ पिचचा, म्हणजे दोन आट्यांमध्ये ०.८ मिमी अंतर असलेला, एकच आटा दिला तर ते उघडायला चार वेळा फिरवावं लागतं. बँकेत सही करायची आहे, मागे रांग आहे आणि आपण टोपण फिरवतोय. म्हणून पेनाला थ्री स्टार्ट आटे देतात. तीन आटे शेजारी शेजारी चालतात. प्रत्येकाचा पिच ०.८ मिमीच दिसतो, पण एका फेऱ्यात टोपण २.४ मिमी सरकतं. सव्वा फेरा, टोपण हातात. एकच आटा २.४ पिचचा का नाही पाडायचा? कारण त्याची खोली जवळजवळ दीड मिमी होते आणि टोपणाची भिंतच साधारण तेवढी असते. ०.८च्या आट्याला अर्धा मिमी खोली पुरते.

याचे टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची तयार हत्यारं, असतात, एम १३ बाय ०.८ थ्री स्टार्ट हे माप पेन बनवणाऱ्यांत बरंच चालतं. पण ते परदेशातून मागवावे लागतात आणि एका सेटमध्ये एकच माप निघतं. जाड पेन करायचं म्हटलं, १४ मिमीचं, की दुसरा सेट. मुंबईला गेले असताना नागदेवी स्ट्रीटवर विचारून पाहिलं. तिथे आट्यांचं काय मिळत नाही ते विचारा! माझं माप ऐकून दुकानदार म्हणाला, “मॅडम, असा टॅप असतो का?”

राहिला सिंगल पॉइंट टूलचा, म्हणजे एका टोकाच्या हत्याराने लेथवर आटे कापायचा रस्ता. माझ्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे टूल धरणारं सॅडल सरकवणारा लांब स्क्रू, १.५ मिमी पिचचा. २.४ पाहिजे म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या चकच्या एका फेऱ्याला लीड स्क्रूचे १.६ फेरे हवेत. ४०-२० आणि ४०-५० अशा जोड्या लावल्या की हिशोब बसतो. म्हणजे साधं टर्निंग झालं की कव्हर उघडायचं, ग्रीसमध्ये हात घालायचे, गिअर बदलायचे, दातांमध्ये कागदाचा तुकडा ठेवून फट लावायची, आणि आटे झाले की पुन्हा हेच उलट. लेथ अगदी सावकाश, १०० आरपीएमवर ठेवला तरी सॅडल सेकंदाला ४ मिमी पळतं. आतल्या आट्यांची लांबी ६ मिमी. म्हणजे टूल आत शिरल्यापासून तळाला टेकेपर्यंत दीड सेकंद. तेवढ्यात मोटर थांबवायची आणि टूल मागे घ्यायचं. मी मोटर वापरतच नाही, स्पिंडलच्या मागच्या भोकात पसरणारा मँड्रेल घट्ट करून त्याला हँडल लावलंय आणि चक हाताने फिरवते. एक स्टार्ट झाला की कंपाउंड, म्हणजे टूलखालची छोटी स्लाइड, बेडला समांतर लावून ०.८ मिमी पुढे घ्यायचं आणि दुसरा स्टार्ट. कंपाउंडच्या स्क्रूत प्ले (ढिलेपणा) असेल आणि शेवटची हालचाल उलट्या दिशेने झाली असेल तर तिसरा आटा दुसऱ्याच्या अंगावर चढतो. बघताना आटे सुरेख दिसतात, टोपण मात्र एकाच बाजूने आत जातं.

हे सगळं बटणावर झालं तर कुणाला नकोय?

किट विकणारे आता आपल्याकडेही बरेच आहेत. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्या किटमध्ये दोन स्टेपर मोटर, त्यांचे ड्रायव्हर, पॉवर सप्लाय, १६०५ मापाचे दोन बॉल स्क्रू (नटात गोळ्या असलेले, हलके फिरणारे स्क्रू), कपलिंग, ब्रॅकेटचा संच आणि एक कंट्रोलर असं होतं. किंमत जीएसटी धरून पासष्ट हजारांच्या घरात, म्हणजे लेथच्या किमतीच्या बरीच जवळ. व्हिडिओत पितळेचा बुद्धिबळातला हत्ती तयार होताना दाखवतात. कीस उडतोय, टूल आपोआप आत-बाहेर होतंय, खाली संगीत. टर्निंग करणाऱ्या माणसाला तो हत्ती बघून मोह होणारच.

मोह आवरून मी आधी क्रॉस स्लाइड, म्हणजे टूल जॉबकडे आत-बाहेर नेणारी स्लाइड, खोलली.

१६०५ म्हणजे १६ मिमी व्यासाचा आणि ५ मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा, बॉल स्क्रू. त्याच्या नटाचा व्यास २८ मिमी आणि फ्लँज ४८. माझ्या लेथवर क्रॉस स्लाइड आणि सॅडल यांच्यामध्ये मूळचा स्क्रू जिथून जातो तो गाळा व्हर्नियर लावून पाहिला तर जेमतेम २२-२३ मिमी. नट त्यात मावत नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, सॅडल खालून मिलिंग करून घ्या, सगळेच करतात. सॅडलचा तो भाग ओतीव लोखंडाचा आणि मुळातच बारीक. तिथून आणखी मटेरियल काढायचं म्हणजे ज्याच्या जोरावर सगळी अचूकता उभी आहे त्याचीच कंबर मोडायची. शिवाय मिलिंग मशीन माझ्याकडे नाही. १२ मिमीचा बारीक बॉल स्क्रू घालून काही जण भागवतात. तो मात्र किटमध्ये नव्हता आणि त्याचे ब्रॅकेट मलाच बनवायला लागले असते.

बॉल स्क्रूशिवाय, मूळच्याच स्क्रूला मोटर लावली तर? त्यासाठी डायल लावून प्ले मोजला. क्रॉस स्लाइडवर ०.१२ मिमी, म्हणजे व्यासात ०.२४. हाताने काम करताना हा प्ले त्रास देत नाही, कारण आपण नेहमी एकाच दिशेने मापावर येतो. जास्त गेलं तर अर्धा फेरा मागे आणि पुन्हा पुढे. टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात अंगात भिनलेली सवय आहे ती. पण सीएनसी लावायचं ते गोलाई कापायला, आणि गोलाईत टूलला मध्येच दिशा बदलावी लागते. जिथे दिशा बदलते तिथे मोटर फिरते आणि टूल जागेवरच राहतं. जॉबवर बरोबर त्या जागी एक पट्टा उमटतो. सॉफ्टवेअरमध्ये या प्लेची, म्हणजे बॅकलॅशची, भरपाई टाकता येते हे खरं, पण कटिंगच्या दाबाने स्लाइड त्या मोकळ्या जागेत हलायची ती हलतेच.

विक्रेत्याच्या पत्रकात लिहिलं होतं: अचूकता ३ मायक्रॉन. हा आकडा कुठून आला ते काढणं सोपं आहे. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं असतात. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ तुकडे करतो, झाले १६००. ५ मिमी भागिले १६००, उत्तर ०.००३१२५. म्हणजे हे कंट्रोलरच्या हिशोबातलं सर्वांत छोटं पाऊल आहे. त्या पावलावर टूल खरोखर तेवढंच सरकेल अशी हमी कुणी देत नाही, आणि व्यासात ते दुप्पट होतं ते वेगळंच. तसं पाहिलं तर बॉल स्क्रूची स्वतःची चूक मला नडणारी नव्हती. असले स्वस्त रोल केलेले स्क्रू सी७ ग्रेडचे असतात, ३०० मिमीला ०.०५ मिमीची चूक चालते. माझा सर्वांत लांब जॉब हातभरही नसतो. नडतात त्या स्लाइड घट्ट ठेवणाऱ्या गिब पट्ट्या, टूल पोस्टचं लवचणं आणि चकचा रनआउट (फिरताना मध्यापासून सरकणं), आणि यातलं काहीच किटमध्ये येत नाही.

मग एके दिवशी भोसरीला गेले. जुन्या कंपनीतले एक सीनियर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी निवृत्तीनंतर एमआयडीसीत गाळा घेऊन दोन सीएनसी टाकलीत. त्यातलं एक बंगळुरूच्या एस कंपनीचं जॉबर, पुण्या-पिंपरीतल्या कुठल्याही गल्लीत दिसतं तेच. दार बंद, आत कूलंटचा धबधबा, टरेट खटकन फिरतंय, हायड्रॉलिक चक जॉब सोडतोय. असल्या मशीनचं वजन टनांत असतं. नुसता चक सुद्धा माझ्या अख्ख्या लेथएवढा.

काकांना विचारलं, माझी टोपणं तुम्ही कराल का? त्यांनी इबोनाइटची कांडी हातात घेतली, वास घेतला. इबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून पक्कं केलेलं रबर, कापताना जळक्या गंधकाचा वास येतो आणि काळी रिबिनीसारखी चिप निघते. “हे माझ्या कूलंटमध्ये गेलं तर टाकी धुवायला तूच ये,” म्हणाले. मग कोरडं करू म्हटलं, तर पुढचा प्रश्न: “किती नग?” मी म्हटलं, एका रंगाचे तीन-चार, मग माप बदलणार. काका हसले. त्यांचा तासाचा दर साडेतीनशेच्या आसपास आहे. सेटिंगला दीड-दोन तास, आणि जॉब निघणार मिनिटभरात. तीनशे नग असते तर सेटिंगचा खर्च एकेका नगावर दिसलाही नसता. चार नगांत तो सगळा त्या चौघांच्या डोक्यावर बसतो.

त्यांच्याकडचा सेटर मुलगा मात्र मला उपयोगाचं बोलला. मी त्याला प्रोग्रामबद्दल विचारत होते, तो म्हणाला, “ताई, प्रोग्राम एकदाच लिहायचा असतो. सकाळपासून मी ऑफसेटच मारतोय.” ऑफसेट म्हणजे मशीनला सांगितलेली मापाची दुरुस्ती. टूल झिजलं की ऑफसेट, इन्सर्ट फिरवला की ऑफसेट, मशीन तापलं की ऑफसेट. पहिला नग काढायचा, मोजायचा, दुरुस्ती टाकायची, दुसरा काढायचा, तिसऱ्याला माप बसतं. त्याला दोन नग वाया गेल्याचं काही वाटत नाही, त्याच्याकडे बाजूला बारचा गठ्ठा आहे. माझ्याकडे जर्मन इबोनाइटची लाल-काळी लहरदार एकच कांडी असते, आणि तिच्यातून एकच पेन निघतं. पहिलाच नग बरोबर यावा लागतो, आणि तो येण्यासाठी मी दर पासला थांबून मायक्रोमीटर लावणार असेन, तर कंट्रोलर माझ्याशेजारी बसून काय करणार?

बरं, पेनावर सीएनसीने करायचं तरी काय? मनात होता तो सिगारचा आकार, दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा. सध्या तो मी पायऱ्या पायऱ्यांनी कापून मग कानस आणि पॉलिश पेपरने मिळवून घेते. सीएनसी तो एका धारेत काढून देईल, कागदावर काढलेल्या वक्राला अगदी धरून. पण त्यानंतर मी काय करणार? ४००चा कागद, मग ६००, ८००, पुढे मायक्रोमेशच्या गाद्या १२०००पर्यंत. बारीक अचूकतेचं जे काही मोल होतं ते चारशेच्या कागदानेच खाल्लं. पेनाच्या बाहेरच्या अंगाचं माप हाताला ठरवायचं असतं, तिथे दोन शतांशाची गरज कुणालाच नाही. माप लागतं ते आट्यांना, आणि सेक्शनच्या, म्हणजे बोटांनी धरतो त्या भागाच्या आत, जिथे निबचं हाउसिंग बसतं. बर्लिनच्या योवोची ६ नंबरची निब घेतली तर तिच्या हाउसिंगला ७.४ बाय ०.५चे आटे असतात. त्याचा टॅप मी घेतला आहेच.

म्हणजे प्रश्न फिरून आट्यांवर आला, आणि इथे किटची खरी परीक्षा झाली. विक्रेत्याला मी एकच विचारलं: “यावर जी७६ चालतो का?” जी७६ ही आटे पाडायची सायकल. ती चालायची तर कंट्रोलरला दर क्षणी चक कुठल्या कोनात आहे हे कळायला हवं, म्हणजे स्पिंडलवर एन्कोडर हवा. किटमध्ये एन्कोडरच नव्हता. कंट्रोलर होता जीआरबीएलवरचा. मूळ जीआरबीएल हे तीन अक्षांच्या छोट्या मिलिंग आणि राउटरसाठी लिहिलेलं, आर्डुइनोच्या छोट्या बोर्डावर मावणारं सॉफ्टवेअर, त्यात स्पिंडलशी ताल जुळवून आटे पाडायची सोयच नाही. बुद्धिबळाचा हत्ती त्यावर बनतो, टोपण नाही बनत. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही, मग “मॅडम, आटे तर टॅपनेच पाडतात ना सगळे?” असं उत्तर आलं.

एन्कोडर वेगळा घेऊन लिनक्ससीएनसी टाकता येतं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या प्रकल्पातून आलेलं, फुकट आणि भक्कम. त्यात जी३३ आणि जी७६ दोन्ही आहेत, आणि झेडची सुरुवात ०.८ने सरकवून सायकल पुन्हा चालवली की पुढचा स्टार्ट मिळतो. मॅक३चाही सल्ला मिळाला, पण ते जुन्या डेस्कटॉपच्या प्रिंटर पोर्टवर चालतं आणि ६४ बिट विंडोजवर त्याचा पोर्ट ड्रायव्हर चालत नाही. शिवाय त्याला फेऱ्यामागे एकच पल्स मिळते. छोट्या लेथला हे बाधतं. टूल मटेरियलला लागलं की मोटर किंचित दबते, आवाजातही ते कळतं, आणि त्या अर्ध्या फेऱ्यात चकचा वेग उतरलाय हे एका पल्सवर चालणाऱ्या कंट्रोलरला पुढची पल्स येईपर्यंत समजत नाही. दर पासला दाब वेगळा, म्हणून चूकही वेगळी.

आणखी एक गोष्ट होती, जिचा हिशोब आकड्यांत मांडता येत नाही. स्टेपरला करंट असताना ती चाक धरून ठेवते, हँडल फिरत नाही. करंट काढला तर बॉल स्क्रू इतका मोकळा असतो की टूलच्या दाबाने उलटा फिरतो. म्हणजे हाताने काम करायचं म्हटलं तरी इलेक्ट्रॉनिक चाकातूनच करायचं, आणि त्या चाकातून काही कळत नाही. अ‍ॅक्रिलिकमध्ये बोअर करताना ड्रिल तापून चिकटायला लागलं की टेलस्टॉकच्या हँडलवर आधी कळतं. क्रॉस स्लाइडवर सुद्धा टूल घासतंय की कापतंय हे बोटांना समजतं. माझं निम्मं काम त्या बोटांवर चालतं. ते काढून टाकायला मी तयार नव्हते.

मधला रस्ता त्याच सुमाराला सापडला. नुसत्या लीड स्क्रूला मोटर लावायची, स्पिंडलला एन्कोडर, आणि मध्ये कंट्रोलर, जो चेंज गिअरचं काम करेल. क्रॉस स्लाइड, टेलस्टॉक, सगळं हातानेच. इलेक्ट्रॉनिक लीड स्क्रू म्हणतात त्याला. ओपन सोर्स डिझाइनं आहेत, मी ईएसपी३२ या छोट्या चिपवर चालणारं एक निवडलं, कारण त्यात मल्टी स्टार्ट आट्यांची सोय आधीच आहे आणि डावी-उजवी हद्द ठरवून देता येते. सामान बरंचसं पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळालं, एन्कोडर आणि स्टेपर ऑनलाइन, टायमिंग पुली आणि पट्टा दुसरीकडून. खर्च पंधरा हजारांच्या आत बसला.

एन्कोडर घेतला ६०० पल्सचा. दोन चॅनलच्या चढ-उतारांनी त्याचे ४ पट, म्हणजे फेऱ्याला २४०० मोजण्या मिळतात. २४००ला ३ने भाग जातो, १२० अंश म्हणजे नेमके ८०० काउंट. १०२४वाला घेतला असता तर ४०९६ झाले असते, ज्याला तीनने भाग जात नाही. व्यवहारात त्याने फरक पडत नाही, चूक मायक्रॉनच्याही खाली राहते, पण आकडा पूर्ण आला की बरं वाटतं. स्पिंडल आणि एन्कोडर यांच्यातल्या पुल्या मात्र सारख्याच दातांच्या पाहिजेत, तिथे हयगय चालत नाही.

लेथ कापायला लावण्यापूर्वी मी टूल पोस्टमध्ये स्केचपेन धरला आणि इबोनाइटऐवजी पीव्हीसीच्या पाइपवर कागद गुंडाळून चकमध्ये लावला. २.४चा लीड टाकला आणि पेन टेकवून रेघ ओढली. मागे आणून पुन्हा तीच रेघ. ताल बरोबर असेल तर दहा वेळा ओढली तरी एकच रेघ दिसायला हवी. सुरुवातीला ती हळूहळू जाड होत गेली, मग शेजारी दुसरी उमटली. एन्कोडरची वायर मोटरच्या वायरीला चिकटून जात होती, मोटरच्या स्पीड कंट्रोलरचा कचरा तिच्यात शिरून जादा काउंट मोजले जात होते. शील्डवाली केबल घेतली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, दोन्ही वायरी एकमेकींपासून दूर केल्या. मग रेघ एकच राहिली. त्यानंतर तीन रंगांचे स्केचपेन लावून तीन स्टार्ट काढले, हिरवा-लाल-निळा, दोन रेघांमधलं अंतर भिंगाखाली स्टीलच्या पट्टीवर बघितलं.

आता टोपणाच्या आत, आटे संपतात तिथे आधी बोअरिंग टूलने एक छोटी खाच घेते. सॅडल ठरलेल्या हद्दीला आपोआप थांबतं. चक फिरतच असतो, टूल खाचेत मोकळं असतं. मी क्रॉस स्लाइडने ते मध्याकडे घेते, सॅडल मागे आणते, डायलवर पुढचा कट देते. सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट कधीच उघडायचा नाही. गिअरचं कव्हर बंदच असतं. मँड्रेलचं हँडल खुंटीवर आहे, लाइट वारंवार जाते तेव्हा लागेल म्हणून टाकलेलं नाही. पूर्ण सीएनसीला मध्येच लाइट गेली तर टूल कुठे होतं हे पुन्हा शोधावं लागलं असतं. इथे टूल मागे घेतलं की काम संपलं.

किटचे वाचलेले पैसे जॉबला चहूबाजूंनी सारखं आवळणाऱ्या ईआर३२ कोलेट चकवर गेले. तीन जबड्यांच्या चकवर रनआउट ०.०८ होता, जॉब उलटा करून धरला की टोपण आणि बॅरल यांची मध्यरेषा थोडी तरी सरकायचीच. कोलेटने तो इतका उतरला की टोपण बंद केल्यावर सांध्यावर नख अडकत नाही. किट लावलं असतं तर हा दोष जसाच्या तसा राहिला असता.

नाशिकच्या एका ओळखीच्यांनी हे ऐकून विचारलं की त्यांनीही किट घेऊ नये का. ते पितळेचे फर्निचरचे नॉब करतात, एका डिझाइनचे दोन-तीनशे, आटे नाहीत, बाहेरची गोलाई हेच सगळं काम. त्यांना मी उलटच सांगितलं, की घ्या, पण सॅडलखालची जागा आधी मोजा, बंद कव्हर करा, आणि यंत्र एकटं सोडून चहाला जाऊ नका, पितळेचं ठीक आहे पण स्टीलची लांब चिप चकला गुंडाळली की काय होतं ते बघवत नाही. त्याहून बरं म्हणजे कॉलेजातलं जुनं ट्रेनर मशीन मिळतंय का ते पाहा. इंजिनिअरिंग कॉलेजं आणि पॉलिटेक्निकनी शिकवण्यासाठी घेतलेली टेबलावरची सीएनसी लेथ, चेन्नईच्या एमटॅबची एक्सएलटर्न वगैरे, कधी कधी भंगाराच्या लिलावात निघतात. त्यांचे कंट्रोल जुने, संगणक कधीच मेलेला, पण बॉल स्क्रू आणि स्लाइड मुळातच सीएनसीसाठी बनवलेल्या आणि मुलांनी फारशा न वापरलेल्या. नवा कंट्रोलर टाकायचा खर्च किटपेक्षा कमी येतो. त्यांनी लिलावाच्या जाहिराती बघायला सुरुवात केली आहे. मीही बघते, पण मागच्या खोलीत आता फक्त पिठाच्या डब्याएवढी जागा उरली आहे.